टपालखात्याचा जमाखर्च

एकाद्या संस्थेचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर तिच्या जाहीरनाम्यापेक्षां तिची खतावणी वाचणें अधिक फायद्याचें ठरतें. हिंदुस्थानांतील ब्रिटिश अमलांत जीं अनेक सरकारी खातीं निर्माण झालीं, त्यांपैकीं सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत रोज येणारें आणि तरीहि त्याला भीति न घालणारें खातें बहुधा एकच होतें. तें म्हणजे टपालखातें. पोलिसाचें पाऊल दारांत पडलें कीं घर दचके. तलाठी दिसला कीं थकलेला सारा आठवे. पोस्टमन आला म्हणजे मात्र माजघरांतील आजीबाईसुद्धां ओसरीपर्यंत येऊन उभ्या राहत. लोकांच्या जिव्हाळ्याला पात्र झालेल्या या खात्याची खतावणी मात्र फार थोड्यांनीं उघडून पाहिली असेल.

ती उघडली म्हणजे एकच प्रश्न पानापानावर समोर येतो. टपाल हें दुकान आहे, कर आहे, कीं राज्यकर्त्यानें प्रजेसाठीं करावयाचें कर्तव्य आहे? दुकान असेल तर तें स्वतःच्या कमाईवर चालावें. कर असेल तर त्यानें तिजोरी भरावी. कर्तव्य असेल तर त्याचा भार सर्वांनीं मिळून उचलावा. सुमारें पावणेदोनशें वर्षांच्या काळांत सरकारनें हीं तिन्ही उत्तरें आपापल्या वेळीं दिलीं. आणि ज्या वेळीं जें उत्तर दिलें, त्याप्रमाणें जमाखर्चाचें स्वरूपहि पालटलें.

कंपनीच्या टपालाचा उगम व्यापाऱ्याच्या पेढींत नसून सरकारी कचेरींत आहे. १७६६ सालीं क्लाइव्हनें बंगालमध्यें टपालाची जी व्यवस्था लाविली, तींत सरकारी कागद वाहून नेण्यासाठीं हरकारे पुरविण्याची जबाबदारी वाटेवरील जमीनदारांवर टाकिली होती. म्हणजे टपाल कंपनीचें, पण तें नेणारे पाय जमीनदाराच्या माणसांचे. १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्ज यानें कलकत्त्यास पोस्टमास्तर जनरल नेमून खासगी लोकांचीं पत्रेंहि पैसे घेऊन नेण्यास आरंभ केला. दर शंभर मैलांस दोन आणे असें हंशील ठरलें, आणि त्यासाठीं दोन आणे किंमतीचे तांब्याचे बिल्ले पाडण्यांत आले. पुढें मद्रासेस १७८६ त आणि मुंबईस १७९४ त मोठ्या टपालकचेऱ्या स्थापन झाल्या. तथापि सरकारी कागद हें या टपालाचें मुख्य काम, आणि प्रजेचीं पत्रें हा थैलींतील उरलेल्या जागेचा उपयोग, हीच दृष्टि पुष्कळ काळ कायम राहिली.

१८३७ च्या कायद्यानें या व्यवस्थेस निराळें वळण लागलें. कंपनीच्या मुलखांत मोबदला घेऊन पत्रें नेण्याचा हक्क त्या कायद्यानें एकट्या सरकारकडे घेतला. तोंपर्यंत सावकार आणि व्यापारी आपल्या हुंड्या व बाजारभाव पोंचविण्यासाठीं स्वतःचे कासीद ठेवीत. उत्तरेकडे या व्यवस्थेला महाजनी डाक म्हणत. मोबदला घेऊन इतरांचीं पत्रें नेण्याचा तिचा मार्ग आतां कायद्यानें बंद झाला. मक्ता सरकारचा झाला, पण हंशील मात्र स्वस्त झालें नाहीं. नव्या दरपत्रकाप्रमाणें कलकत्त्याहून मुंबईस एक तोळ्याच्या आंतील पत्र धाडावयास एक रुपया पडे, आणि आग्र्यास बारा आणे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया असा तो हिशेब. एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. तेव्हां दूरदेशीं गेलेल्या मुलाची खुशाली विचारणें हा त्या काळीं सुखवस्तु माणसाचाच विलास होता.

याच १८३७ सालीं इंग्लंडांत रोलंड हिल या गृहस्थानें टपालाच्या सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. तिच्यांतील विचार साधा, पण मूलगामी होता. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्यास प्रत्यक्ष खर्च किती येतो, याचा त्यानें हिशेब केला, तेव्हां तो एका पेनीचा अवघा छत्तिसावा हिस्सा निघाला! मग पत्रास इतकें भारी हंशील कां पडावें? हिलनें दाखवून दिलें कीं, खरा खर्च अंतराचा नसून कारकुनीचा आहे. प्रत्येक पत्राचें अंतर पाहावयाचें, कागद किती हें तपासावयाचें, रक्कम टिपावयाची, आणि शेवटीं दारोदार उभें राहून ती वसूल करावयाची, यांतच सारे कष्ट आणि पैसा जातो. तेव्हां सर्व अंतरांस एकच दर ठेवावा, तो अगोदरच घ्यावा, आणि पावती म्हणून पत्रावर एक लहानसें तिकीट चिकटवावें, असा त्याचा तोडगा होता.

१८४० सालीं ब्रिटनमध्यें ही योजना अमलांत आली. १८३९ सालीं सुमारें साडेसात कोटी असलेलीं पत्रें पुढच्याच वर्षीं सुमारें सतरा कोटींवर गेलीं. मात्र निव्वळ उत्पन्न सोळा लाख पौंडांवरून पांच लाख पौंडांवर घसरलें, आणि तें पूर्वपदावर यावयास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. स्वस्त टपालानें पत्रें ताबडतोब वाढतात, पण तिजोरी ताबडतोब भरत नाहीं. ज्या सरकारला वाट पाहण्याचें धैर्य असेल, त्यानेंच ही सुधारणा हातीं घ्यावी, असा त्या आंकड्यांचा निष्कर्ष आहे.

हिंदुस्थानांत ती सुधारणा चौदा वर्षांनीं आली. १८५० सालीं तिन्ही इलाख्यांतून एकेक असे तीन अधिकारी घेऊन एक चौकशी-समिति नेमण्यांत आली, आणि पुढील वर्षीं तिनें आपला अहवाल सादर केला. अंतराकडे न पाहतां केवळ वजनावर हंशील घ्यावें, तें अल्प असावें, आणि सर्व देशाचें टपाल एका अधिकाऱ्याच्या हाताखालीं आणावें, असा तिचा अभिप्राय पडला. तो अमलांत येण्यापूर्वींच सिंधमध्यें बार्टल फ्रिअर यानें १ जुलै १८५२ पासून अर्ध्या आण्याचीं तिकिटें काढून त्या प्रांतापुरता एकच दर सुरू केला. पुढें मुंबईचा गव्हर्नर होऊन शहराचा जुना कोट पाडविणारा तो हाच फ्रिअर.

१ ऑक्टोबर १८५४ रोजीं लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत नवा कायदा सर्वत्र लागू झाला. देशांत त्या वेळीं ७०१ टपालकचेऱ्या होत्या. त्या एका डायरेक्टर जनरलच्या हाताखालीं आल्या. कलकत्त्यास भूमापन खात्याच्या कचेरींत कॅप्टन थुलिअर याच्या देखरेखीखालीं अर्ध्या आण्याचीं निळीं तिकिटें शिळाछापावर छापण्यांत आलीं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पत्र शेजारच्या तालुक्याला जावो कीं पेशावराहून कन्याकुमारीला जावो! कलकत्त्याहून मुंबईस लहानांत लहान पत्राला जो रुपया पडत असे, त्याचा आतां बत्तिसावा हिस्सा पुरेसा झाला. या गोष्टीचा डलहौसीला स्वतःलाहि अभिमान वाटत असे, आणि हिंदुस्थान सोडतांना लिहिलेल्या आपल्या निवेदनांत त्यानें तिचा मुद्दाम उल्लेख केला आहे. पाव तोळा म्हणजे आजच्या मापानें जेमतेम तीन ग्रॅम. तेव्हां लोक पातळ कागदावर बारीक अक्षरांत लिहूं लागले, आणि समासांतसुद्धां आडव्याउभ्या ओळींची दाटी होऊं लागली. तिकीट न लावलेल्या पत्रास दुप्पट आकार पडे. अशा ‘नॉटपेड’ पत्राला घरांत काय स्वागत मिळत असेल, हें सांगावयास नकोच!

१८६१ पर्यंत कचेऱ्यांची संख्या ८८९ झाली, आणि वर्षाला सुमारें ४ कोटी ३० लाख पत्रें व ४५ लाखांवर वृत्तपत्रें या मार्गानें जाऊं लागलीं. परंतु येथें खतावणीचें पान जरा सावकाश वाचावयास हवें. एवढें स्वस्त टपाल चालविण्यास लागणारा पैसा केवळ तिकिटांतून येत होता काय? तसें नव्हतें. कांहीं खर्च टपालखात्याच्या वहींत कधीं चढतच नव्हता.

पहिलें उदाहरण आगगाडीचें. ज्या कंपन्यांनीं हिंदुस्थानांत लोहमार्ग घातले, त्यांना गुंतविलेल्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची सरकारी हमी होती. त्या करारांतच टपाल फुकट नेण्याची अट होती. टपालखात्याच्या दृष्टीनें ही मोठीच बचत. पण कंपनीला व्याज कमी पडलें तर तें भरून देणार कोण? देशाची तिजोरी, म्हणजे अखेर शेतसारा आणि मिठाचा कर भरणारा रयत. ज्याला आयुष्यांत एक पत्र आलें नसेल, त्याच्याहि खिशांतून पत्राच्या प्रवासाचा कांहीं भाग जात होता.

दुसरें उदाहरण जिल्हा-टपालाचें. सरकारी टपाल मोठ्या रस्त्यानें आणि व्यापारी शहरांतून जाई, कारण तेथें उत्पन्न होतें. आडबाजूचीं पोलिस ठाणीं आणि मामलतदार-कचेऱ्या यांच्यासाठीं निराळें जिल्हा-टपाल असे, आणि त्याचा खर्च ठिकठिकाणीं जमीनदारांवरील पट्टींतून किंवा स्थानिक निधींतून निघे. फायद्याचा रस्ता एका वहींत आणि तोट्याचा दुसऱ्या वहींत, अशी ही वांटणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं हें जिल्हा-टपाल मुख्य खात्यांत मिळून गेलें.

तिसरें उदाहरण खुद्द सरकारच्या पत्रांचें. अधिकाऱ्याची सही हेंच पूर्वीं तिकीट असे, आणि त्या सहीच्या आश्रयानें घरगुती पत्रेंहि फुकट प्रवास करीत. १८६६ सालीं ‘सर्व्हिस’ अशीं अक्षरें छापलेलीं निराळीं तिकिटें निघालीं, आणि आपल्या कागदी घोड्यांना चारा किती लागतो, हें प्रत्येक खात्याला प्रथमच कळूं लागलें.

आणि चौथा खर्च म्हणजे हरकाऱ्याचे पाय. लोहमार्ग जेथें संपे, तेथून पुढें घाट, जंगल आणि भरलेल्या नद्या ओलांडून थैली नेणारा हा माणूस काठीला घुंगुर बांधून धांवत असे. त्याचा टप्पा ठरलेला, वेळ ठरलेली, आणि वेतन मात्र अत्यंत तुटपुंजें. एकच दर सर्व देशाला लागू करण्याची जी उदारता त्या कायद्यांत दिसते, तिचा पुष्कळसा भाग त्यानें आपल्या स्वस्त श्रमांनीं पुरविला आहे.

असें असलें तरी या खात्यानें पुढील तीस वर्षांत जें विणकाम केलें, त्याचें मोल कमी लेखतां येत नाहीं. कचेरी एकदां उघडली म्हणजे तिचें भाडें आणि मास्तरचा पगार हा खर्च ठरलेलाच. मग त्याच खिडकींतून जितकीं अधिक कामें होतील, तितका प्रत्येक कामावरील खर्च कमी. या तत्त्वावर एकामागून एक नव्या शाखा फुटल्या. १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत आली; त्यामुळें पुण्यामुंबईचा पुस्तकविक्रेता वऱ्हाडांतील वाचकाला न पाहतां माल धाडूं लागला, आणि पुस्तक हातीं पडल्यावर पैसे घेण्याचें काम पोस्टमननें पत्करलें. १ जुलै १८७९ रोजीं एका पैशाचें कार्ड निघालें. १ जानेवारी १८८० पासून मनिऑर्डरीचें काम सरकारी तिजोऱ्यांकडून टपालाकडे आलें. १ एप्रिल १८८२ रोजीं टपालांत सेव्हिंग्ज बँक उघडली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत निराळ्या इलाखा-बँका असल्यामुळें तेथें ती कांहीं वर्षें मागून आली.

खेड्यांतील शाखा चालविण्याची युक्तिहि काटकसरीची होती. पूर्ण पगाराचा मास्तर नेमणें परवडत नसे. म्हणून गांवच्या शाळामास्तरालाच महिन्याला थोडकें मानधन देऊन पोस्टमास्तर करीत. कोठें हें काम वाण्याच्या दुकानांत चाले. सकाळीं मुलांना पाढे, दुपारीं पत्रांवर शिक्के, आणि संध्याकाळीं ओसरीवर बसून निरक्षर बायाबापड्यांना त्यांचींच पत्रें वाचून दाखविणें, असा कित्येक गांवच्या मास्तरांचा दिनक्रम असे. नवी शाखा प्रथम तात्पुरती उघडीत, आणि तिचें उत्पन्न खर्चाच्या जवळ आलें तरच ती कायम होई. पत्रें येत नाहींत म्हणून कचेरी नाहीं, आणि कचेरी नाहीं म्हणून पत्रें येत नाहींत, या फेऱ्यांत अनेक गांवें वर्षानुवर्षें अडकून पडत.

मनिऑर्डरीनें काय घडविलें, हें कोंकणाला विचारावें. रत्नागिरी जिल्ह्यांतून गिरणींत कामाला आलेला तरुण मुंबईच्या चाळींत आठ-दहा गांवकऱ्यांसह राही, आणि पगार झाला कीं गांवीं मनिऑर्डर करी. तत्पूर्वीं गांवाकडे पैसे धाडावयाचे तर जाणारायेणारा भरंवशाचा माणूस शोधावा लागे. आतां थोड्या आण्यांच्या हुंडणावळींत रोख रक्कम थेट आईच्या किंवा पत्नीच्या हातांत पडूं लागली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहावयास जागा असे. तेवढ्यांतच खुशाली, मागणीं आणि सणाला येण्याचें वचन मावे. पैसे घेणारी बाई अंगठा उमटवी, साक्षीदार सही करी, आणि ती पावती परत मुंबईस जाई. डोंगराळ शेतीवर ज्यांचें भागत नव्हतें, अशा हजारों घरांची चूल या पावतीच्या दोन टोकांमध्यें पेटत राहिली.

सेव्हिंग्ज बँकेंत चार आण्यांपासून ठेव घेत, म्हणून तिला गरिबाची पेढी म्हणणें योग्यच होतें. पण त्या ठेवी टपालखात्याच्या मिळकतींत जमा होत नसत. त्या हिंदुस्थान सरकारच्या कर्जांत जमा होत. म्हणजे विधवेची आणि कारकुनाची शिल्लक ही सरकारच्या हातीं आलेली अल्प व्याजाची उसनवारीच होती. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच लोकांनीं पैसे काढण्यासाठीं कचेऱ्यांपुढें गर्दी केली, आणि एका वर्षांत ठेवींचा आंकडा सुमारें २३ कोटी रुपयांवरून सुमारें १५ कोटींवर आला. सरकारनें मागतील त्यांचे पैसे दिले, आणि मग हळूहळू लोक परतले. खात्याची पत अशा परीक्षेंतूनच वाढत असते.

टपालाची दुसरीहि एक बाजू होती. १८८१ सालीं निघालेला ‘केसरी’ स्वस्त हंशिलामुळेंच गांवोगांवच्या पारावर पोंचला; म्हणजे सरकारवर टीका करणारीं पत्रें सरकारच्याच थैल्यांतून जात. १८९८ सालीं राजद्रोहाचें कलम अधिक कडक झालें, आणि त्याच वर्षीं झालेल्या टपालाच्या कायद्यांत सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठीं पत्रें अडविण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे ठेविला. जो थैली नेतो, त्याला थैली उघडतांहि येते, हें प्रजेनें तेव्हांच ओळखलें.

आतां खतावणीच्या सर्वांत वादग्रस्त पानाकडे वळावयास हरकत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली, नोकरांचे पगार वाढवावे लागले, आणि हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकांत मोठी तूट आली. १९२२ च्या अंदाजपत्रकांत ती भरून काढण्यासाठीं दोन सूचना शेजारीं शेजारीं मांडण्यांत आल्या. मिठावरील कर दुप्पट करावा ही एक, आणि टपालाचे दर वाढवावे ही दुसरी. मिठाची सूचना विधिमंडळानें फेटाळून लाविली. टपालाची वाढ मात्र मान्य झाली. एका पैशाचें कार्ड दोन पैशांचें झालें, आणि अर्ध्या आण्याचें पाकीट एक आण्याचें. पुढच्याच वर्षीं व्हाइसरॉयनें आपल्या खास अधिकारांत मिठाचा करहि दुप्पट केला. कार्डाला मात्र तें एका पैशाचें भाग्य पुनः लाभलें नाहीं.

याच सुमारास लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखालीं काटकसर-समिति बसली, आणि १ एप्रिल १९२५ पासून टपाल व तार या एकत्र झालेल्या खात्याचा हिशेब व्यापारी पद्धतीनें ठेवूं लागले. निवृत्त नोकरांचें पेन्शन, इमारतींची झीज, गुंतविलेल्या भांडवलावरील व्याज, हीं पूर्वीं वहीबाहेर राहणारीं कलमें आंत आलीं. आणि इतर सरकारी खात्यांसाठीं केलेल्या कामाचा मोबदला जमेस धरूं लागले. हिशेबाच्या शुद्धतेच्या दृष्टीनें हें उत्तमच झालें. ज्याला खरा खर्च ठाऊक नाहीं, त्याला खरें धोरणहि ठरवितां येत नाहीं. परंतु व्यापारी हिशेबाबरोबर व्यापारी वृत्तिहि आली. टपाल हें आतां दुकान ठरलें, आणि दुकानानें तोटा सोसूं नये, असा युक्तिवाद सरकारी बांकांवरून होऊं लागला.

त्याला लोकपक्षाचें उत्तर असें असे कीं, जोंपर्यंत खातें फायद्यांत होतें, तोंपर्यंत तो फायदा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरींत गेला. तेव्हां त्याला दुकान म्हणून कोणी स्वतंत्र गंगाजळी ठेवूं दिली नाहीं. मग तोट्याच्या दिवसांत तेवढें त्याला दुकान कां म्हणावें? शिवाय कार्ड हें गरिबाचें पत्र आहे. त्यावर चढविलेला प्रत्येक पैसा हा गरिबाच्या बोलण्यावरचा कर होय. वर्षामागून वर्षें अर्थविधेयकाच्या चर्चेंत कार्डाचा दर उतरविण्याच्या दुरुस्त्या येत राहिल्या. पण १९३१ सालीं, जगभर मंदी असतां, दर उतरण्याऐवजीं चढला : कार्ड पाऊण आण्याचें आणि पाकीट सव्वा आण्याचें झालें. मंदींत उत्पन्न घटतें म्हणून दर वाढवावे, आणि दर वाढले म्हणून पत्रें आणखी घटावीं, हा रोलंड हिलच्या धड्याचा उलटा पाठ होता.

काटकसरीचीं कांहीं कामें मात्र खरोखर उपयोगी ठरलीं. तिकिटें कित्येक वर्षें लंडनहून छापून येत. १९२५ सालीं नाशिकला सरकारी छापखाना निघाला, आणि १९२६ पासून तिकिटें तेथें छापूं लागले. १९३२ च्या ऑक्टोबरांत टाटांचें विमान कराचीहून मुंबईस टपाल घेऊन आलें, तेव्हां त्या कंपनीनें सरकारकडून अनुदान न मागतां वाहिलेल्या वजनावर मोबदला घेण्याचें पत्करलें होतें.

दुसऱ्या महायुद्धांत चित्र अगदीं पालटलें. लष्करी पत्रव्यवहार, तारा आणि टेलिफोन यांच्या गर्दीमुळें खात्याला मोठी शिल्लक राहूं लागली, आणि तिचा वांटा सर्वसाधारण तिजोरीला गेला. दुकान म्हणविणारें खातें पुनः कर झालें. त्याच वर्षांत धान्य, कापड, घरभाडें यांच्या किंमती वाढत होत्या, आणि पोस्टमनचा पगार त्यांच्या मागें धांपा टाकीत होता. ११ जुलै १९४६ रोजीं देशभर पोस्टमननीं आणि खालच्या वर्गाच्या नोकरांनीं संप पुकारला. मुंबईंत २२ जुलैला त्यांना पाठिंबा म्हणून गिरण्या, ट्राम आणि बाजार बंद राहिले. शहरानें एका सरकारी खात्याच्या नोकरांसाठीं आपले व्यवहार थांबवावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. पत्र आणणाऱ्या माणसाच्या श्रमांची किंमत हिशेबांत कमी धरली गेली आहे, हें लोकांनीं त्या दिवशीं आपल्या परीनें नोंदवून ठेविलें.

१९४७ सालीं स्वतंत्र हिंदुस्थानाच्या वांट्याला २३,३४४ टपालकचेऱ्या आल्या. त्यांतील १९,१८४ खेड्यांत होत्या. तरीहि लाखों गांवांच्या देशांत तेवढ्या फारच अपुऱ्या होत्या. त्यानंतर त्यांची संख्या वाढत वाढत १ लाख ६४ हजारांवर गेली. शाळामास्तर-पोस्टमास्तराच्या जागीं आज ग्रामीण डाक सेवक आहे. कार्डाची किंमत पन्नास पैसे आहे, आणि तें पोंचविण्यास येणारा खर्च त्याच्या कित्येक पटींनीं अधिक आहे. १८९८ चा कायदा २०२४ च्या जूनपर्यंत चालू राहिला. मग २०२३ सालचा नवा कायदा अमलांत आला, आणि त्यांत पत्रें नेण्याच्या सरकारी मक्त्याचें कलम ठेविलेलें नाहीं.

हा बदल लहान नाहीं. १८५४ पासून शेजारच्या पेठेंतलें पत्र आणि सह्याद्रीच्या कपारींतलें पत्र एकाच दरानें गेलें, याचें कारण असें कीं, पेठेंतल्या पत्रावर जे चार पैसे उरत, ते कपारींतल्या पत्रावर खर्च होत. हें घडण्यास दोन्ही पत्रें एकाच थैलींत असावीं लागतात. फायद्याचीं पत्रें खासगी कंपन्यांनीं उचललीं आणि तोट्याचीं तेवढीं सरकारी थैलींत राहिलीं, तर वर्षाअखेर तूट दिसणारच. आणि ती तूट पाहून खातें नालायक आहे असा निकाल देणें म्हणजे एका वहीवरून दोन वह्यांचा न्याय करणें होय.

इंग्रजी अमलांतील टपालाची खतावणी वाचणाऱ्यानें हें एवढें ध्यानांत ठेवावें. तूट किंवा शिल्लक हे शब्द ऐकतांच, कोणतीं कलमें आंत धरलीं आणि कोणतीं बाहेर ठेविलीं, हें प्रथम विचारावें. रयतेचें व्याज, हरकाऱ्याचे पाय, आगगाडीचें फुकट भाडें हीं एका बाजूस मांडावीं. दुसऱ्या बाजूस कोंकणांतील चुली, गांवोगांवचीं वृत्तपत्रें आणि चार आण्यांच्या ठेवी मांडाव्या. यांतील पुष्कळ कलमांना रुपये-आणे-पयांचा आंकडा लावतां येत नाहीं. पण जो हिशेब त्यांना वगळून केला जातो, तो कितीहि नेमका असला तरी अपुराच असतो.